रस्ता मागू नका, आधी लेव्हल मागा

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. बेळगावच्या अनगोळ भागातल्या तुमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी डांबर पडलं आणि आत्ताच खडी वर आलीय. गटार दर मे महिन्यात काढतात तरी जूनमध्ये पाणी उंबऱ्याला लागतंच, मग कॉर्पोरेशननं नक्की काय बदलायला पाहिजे? आणि तोवर गल्लीनं वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक बसवून घ्यावेत का? मी सिव्हिलवाला, बेळगावात आणि निपाणी-खानापूर बाजूला रस्ते-गटारीच्या कामांवर उभं राहण्यातच नोकरी गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, पण तुमचा प्रश्न फक्त तुमच्या गल्लीचा नाही म्हणून सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे रस्ता आणि गटार ही दोन कामं नाहीतच. ऑफिसात ती दोन फायलींत असतात, दोन टेंडरांत असतात, बऱ्याचदा दोन वेगळ्या वर्षांत होतात, आणि सगळा घोळ तिथंच आहे. डांबरी रस्ता गाड्यांनी झिजतो हे खरं, पण आपल्याकडचे गल्लीतले रस्ते गाड्यांनी मरत नाहीत, पाण्यानं मरतात. डांबरात बारीक भेग पडते, त्यातून पाणी खाली जातं, वरून चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं आणि खालचा बारीक माल घेऊन बाहेर येतं, खडीवरचं डांबराचं आवरण सुटतं, खाली पोकळ होतं आणि एक दिवस वरचा थर खाली बसतो. तो झाला खड्डा. म्हणून खड्डा कुठं पडतो ते नीट बघा: गटारीच्या कडेला, चेंबरच्या भोवती, स्पीडब्रेकरच्या वरच्या अंगाला जिथं पाणी अडतं तिथं, आणि नळाची लाइन जिथं झिरपायलीय तिथं. गल्लीच्या मधोमध, उंच भागावर खड्डा क्वचित. तुमच्या गल्लीतले खड्डे मोजा, बहुतेक सगळे पाणी साचणाऱ्या जागेवरच निघतील.

आता बेळगावचा पाऊस बघा. शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिमी, खानापूरकडे त्याहून बराच जास्त, कणकुंबीला तर कित्येक पट, आणि तिकडं अथणीला ५००-६०० मिमी. एकाच जिल्ह्यात एवढा फरक, पण गटारीचं एस्टिमेट बघाल तर माप सगळीकडे तेच, दोन फूट बाय दोन फूट, कारण मागच्या कामाची फाइल काढून नाव बदललेलं असतं. मातीचंही तसंच. टिळकवाडी, कॅम्पच्या बाजूला लाल माती, जांभा, मुरूम, पाणी मुरतं, पाया घट्ट राहतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर शिवाराच्या बाजूला उतरलात की काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर लाल मातीच्या हिशोबानं रस्ता टाकला की तो दोन पावसाळे काढत नाही. काळ्या मातीवर आधी चांगल्या मुरमाचा जाड थर पाहिजे आणि पाणी खाली जाऊच नये म्हणून कडेची गटार रस्त्याच्या पायापेक्षा खोल पाहिजे. हे एस्टिमेटमध्ये घातलं की रेट वाढतो, मग लांबी कमी करावी लागते, आणि लांबी कमी केलेली कुणालाच चालत नाही, नगरसेवकालाही नाही आणि गल्लीलाही नाही. "आमच्या टोकापर्यंत रस्ता आला नाही" म्हणून भांडायला सगळे येतात, "खालचा थर पातळ का" म्हणून कुणी येत नाही.

तुमच्या घरात पाणी का येतं, तर माझा अंदाज लेव्हलचा आहे. प्रत्येक वेळी जुन्या रस्त्यावर नवा थर टाकतात, एका वेळी तीन-चार-पाच सेंटीमीटर, जुना खरवडून काढत नाहीत. असे चार-पाच थर झाले की रस्ता अर्ध्या-पाऊण फुटानं वर आला, घर होतं तिथंच राहिलं. मग उंबऱ्याला एक पायरी खाली उतरावं लागतं अशी घरं शहापुरात, खडेबाजारच्या मागच्या गल्ल्यांत कितीतरी दिसतील. याला उपाय एकच, नवा थर टाकायच्या आधी मिलिंग मशीननं जुना थर खरवडायचा आणि आहे तीच लेव्हल ठेवायची. निघालेला माल गरम करून परत वापरताही येतो. एस्टिमेटमध्ये मिलिंगचा आयटम आहे का एवढा एकच प्रश्न विचारलात तरी जेई, म्हणजे कॉर्पोरेशनचा ज्युनिअर इंजिनिअर, तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागेल.

दुसरं, रस्त्याला मध्यापासून कडेला उतार लागतो, डांबरी रस्त्याला साधारण २ ते २.५ टक्के. म्हणजे मध्यापासून गटार दोन मीटरवर असेल तर कड ४-५ सेंटीमीटर खाली पाहिजे. गल्लीतल्या कामात डांबर पसरायचं पेव्हर मशीन शिरत नाही, माल हातानं पसरतात, आणि हातानं पसरताना हा उतार पहिला जातो. आणि उतार असला तरी गटारीची भिंत रस्त्यापेक्षा चार बोटं वर बांधलेली असते, पाणी जाणार कुठून? भिंतीला भोकं ठेवतात, ती मातीनं बुजतात. ही भोकं पावसाळ्याआधी सळईनं मोकळी करणं हे पाच मिनिटांचं काम, पण ते कुठल्याच यादीत नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची लेव्हल म्हणजे गटारीच्या तळाची. ती तुम्ही स्वतः तपासू शकता, इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, वीस-पंचवीस मीटरची, पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बुडबुडा राहिला की सगळं माप चुकतं. नळीचं एक टोक गल्लीच्या वरच्या अंगाला काठीला धरा, दुसरं खालच्या अंगाला. दोन्हीकडे पाणी जिथं स्थिरावतं ती एक लेव्हल, तिथपासून गटारीच्या तळापर्यंत टेपनं मोजा, गाळ बाजूला सारून, पक्क्या तळापर्यंत. वीस मीटरमध्ये दहा सेंटीमीटर उतरलं तर उतार २०० ला १, उत्तम. पाच उतरलं तरी चालतं. शून्य किंवा उलटं आलं तर समजा की ही गटार कितीही वेळा काढली तरी भरणारच. आणि उलटं येतं, फार वेळा येतं! कारण वरचा तुकडा एका वर्षी एका कॉन्ट्रॅक्टरनं केला, खालचा पुढं कधीतरी दुसऱ्यानं, आणि दोघांनीही खालच्या नाल्यापासून लेव्हल आणलेलीच नसते, समोरच्या रस्त्यावरून अंदाजानं खोदलेलं असतं. माप घेतल्यावर वहीत घराच्या नंबरासकट लिहून ठेवा, पुढं अर्जाला हाच कागद लागणार आहे.

गटारीचं माप पुरतं का हेही थोडं गणितानं बघू. समजा तुमच्या भागातलं दहा हेक्टर, म्हणजे पंचवीसेक एकराचं पाणी एका गटारीत येतं, सगळीकडे स्लॅब आणि डांबर, त्यामुळे पडलेल्या पावसाचं ऐंशी टक्के पाणी वाहूनच येणार. तासाला ५० मिमीच्या वेगानं पाऊस कोसळला तर सेकंदाला साधारण १,१०० लिटर पाणी. दोन फूट बाय दोन फुटाची काँक्रीट गटार, २०० ला १ उतार, काठोकाठ भरून वाहिली तर साडेपाचशे-सहाशे लिटर नेते. म्हणजे निम्मंच. आता त्यात फूटभर गाळ आहे असं धरा, वाटतं की क्षमता निम्मी झाली, पण तसं होत नाही, पाण्याला घर्षण जास्त होतं, आणि क्षमता अडीचशे लिटरच्या आत येते. आणि उतार चौपट कमी असेल, म्हणजे ८०० ला १, तर स्वच्छ गटारसुद्धा निम्मंच पाणी नेते. म्हणून "गटार मोठी करा" म्हणण्याआधी गाळ आणि उतार बघायचा, त्यातच अर्ध्याहून जास्त दुखणं असतं.

आता गाळ काढण्याबद्दल. दर मे महिन्यात काढतात म्हणालात, तिथंच चुकतं. आपल्याकडं वळीव एप्रिल-मेमध्येच येतो, गारांसकट, आणि एका तासात सगळ्या रस्त्यावरची वाळू, प्लॅस्टिक, बांधकामाची माती गटारीत नेऊन घालतो. मार्चअखेर बिलांची धावपळ, एप्रिलमध्ये नवीन वर्षाचं टेंडर, मे महिन्यात वर्क ऑर्डर, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मान्सून दारात. मग जेसीबी येतो, गाळ काढून गटारीच्या काठावरच ठेवतो "वाळू दे, मग उचलतो" म्हणून, आणि पहिल्या पावसात तोच गाळ परत गटारीत. याचं बिल निघतं, बरं का. मोठ्या नाल्यांचं काम फेब्रुवारीत सुरू व्हायला पाहिजे, गल्लीतल्या गटारी मार्च-एप्रिलमध्ये, आणि वळवानंतर मेअखेर परत एक हलका हात फिरवायचा, फक्त जाळ्या, मोऱ्यांची (म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या छोट्या पुलांची) तोंडं आणि भिंतीतली भोकं. त्यासाठी टेंडर नोव्हेंबरात निघालं पाहिजे, दोन-तीन वर्षांचं एकदम काढलं तर दरवर्षीची बोंब नाही.

आणि काढायचं ते खालून वर. ही साधी गोष्ट आहे पण उलटंच होतं, जो नगरसेवक जास्त ओरडतो त्याच्या वॉर्डातून सुरुवात. बळ्ळारी नाला भरून वाहायला लागला की शहापूर, वडगाव, अनगोळ, जुने बेळगावच्या शिवारात पाणी पसरतं, भातपिकं आठवडा-आठवडा पाण्याखाली राहतात, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तेव्हा शहरातल्या ज्या गटारींची तोंडं त्या नाल्यात आहेत ती सगळी पाण्याखाली जातात, मग वरच्या गल्लीची गटार आरशासारखी स्वच्छ असली तरी पाणी जाणार कुठं, ते मागं सरकतं. म्हणून आधी नाला, त्यातली जलपर्णी आणि गाळ, मग नाल्याला मिळणाऱ्या मोठ्या गटारी, मग गल्ल्या. ऑगस्ट २०१९ चा पूर हा वेगळा विषय, तेव्हा कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच चढल्या होत्या, तसल्या पावसाला कुठलीच गटार पुरत नाही. पण दरवर्षीच्या साध्या जुलैला जे पाणी घरात येतं त्याला पूर म्हणून हात झटकता येत नाहीत.

गाळाचं बिल ट्रॉलीच्या खेपांवर देतात, त्यात काय काय होतं ते मी लिहीत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा गटारीच्या तळाची लेव्हल काम करण्याआधी आणि नंतर मोजायची, दर तीस मीटरवर एक ठिकाण ठरवून, भिंतीवर रंगानं खूण करून. पक्का तळ दिसला तर पैसे, नाहीतर नाही. असं मोजायला लागलं की खेपा किती झाल्या याला महत्त्वच राहत नाही.

गटारीवरच्या स्लॅबबद्दल बोललो की लोक रागावतात, तरी बोलतो. दुकानासमोर, पार्किंगसाठी, गाडी आत घ्यायला म्हणून आपणच गटारीवर वीस-वीस फूट सलग स्लॅब ओततो. त्याखाली माणूस जाऊ शकत नाही आणि जायलाही नको, २०१३ च्या कायद्यानं गटारात-चेंबरमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवून मैला काढायला बंदीच आहे. मग तिथं गाळ कायमचा राहतो आणि वरच्या सगळ्या घरांचं पाणी अडतं. झाकायचंच असेल तर दोन माणसांना उचलता येतील असे आधीच ओतून तयार केलेले सुटे प्रीकास्ट तुकडे टाका आणि दर तीन-चार मीटरवर एक जाळी. गणपत गल्लीसारख्या बाजारपेठेत तर हे सक्तीनंच करायला पाहिजे.

अजून एक आपलीच सवय. मोठा पाऊस आला, गल्लीत पाणी साचलं की कुणीतरी पहार आणतो आणि यूजीडीच्या, म्हणजे सांडपाण्याच्या भुयारी गटारीच्या, चेंबरचं झाकण उचलतो. पाणी भर्रकन उतरतं, सगळे खूश. पण ती लाइन फक्त संडास-न्हाणीच्या पाण्यासाठी आहे, तिचा पाइप लहान, पावसाचं पाणी त्यात गेलं की खालच्या अंगाला कुणाच्या तरी बाथरूममधून मैला वर येतो. आणि उलट बाजूनं, ज्या घरांनी यूजीडी जोडणी घेतली नाही त्यांचं सांडपाणी बारा महिने पावसाळी गटारीत वाहतंय, त्यामुळे गटार कधी वाळतच नाही, तेलकट चिखल धरून बसतो. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी वेगळं केल्याशिवाय गटारीची देखभाल स्वस्त होणार नाही.

आता खड्डे. आपल्याकडे खड्डे बुजवायचे मुहूर्त ठरलेले, गणपती यायच्या आधी विसर्जनाचा मार्ग, आणि डिसेंबरात सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन असलं की हलग्याकडं जाणारा रस्ता. भर पावसात मुरूम टाकतात, दोन दिवसांत चिखल. कुठं सिमेंट काँक्रीट ओततात, ते कडक, बाजूचं डांबर मऊ, सांधा उघडा राहतो आणि त्याला लागून नवीन खड्डा पडतो. नीट बुजवायचा खड्डा असा असतो: कटरनं चौकोनी कापायचा, कड उभी पाहिजे, गोल उतरती नको, नाहीतर माल कडेनं सुटतो. सुटी खडी, चिखल, पाणी सगळं बाहेर, तळ वाळवायचा, मग तळाला आणि उभ्या कडांना इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) लावायचं, पातळ हातानं, थारोळं नको. मग माल थरांनी भरायचा, एका वेळी पाच-सात सेंटीमीटर, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरनं, म्हणजे हातानं चालवायच्या दाब-यंत्रानं, दाबायचा आणि शेवटी सांध्यावरून परत इमल्शन. प्लँटवरून निघताना माल दीडशे अंशांच्या वर असतो, ९० अंशांच्या खाली जायच्या आत दाबून झाला पाहिजे, पण आपल्याकडे एक टिपर सकाळी भरून निघतो आणि दुपारपर्यंत दहा गल्ल्या फिरतो, शेवटच्या गल्लीला थंड ढेकळं मिळतात आणि ती टायर फिरवून दाबतात. पावसात गरम माल टाकायचाच नाही, त्यासाठी पोत्यात तयार येणारा कोल्ड मिक्स आहे, आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेसचा) ११६ नंबरचा कोड त्याचाच आहे. तो महाग पडतो, पण तो थोडाच लागतो आणि टिकतो.

खरं म्हणजे खड्डा होईपर्यंत थांबायचंच कशाला. भेग दिसली की उन्हाळ्यात इमल्शन आणि बारीक कच टाकून ती बंद करणं हे सगळ्यात स्वस्त काम. पूर्वी पीडब्ल्यूडीत मैलकुली असायचे, ठरलेल्या मैलांचा रस्ता एका माणसाचा, हातात फावडं आणि घमेलं, कडेचं गवत काढ, साइडपट्टी उतरती ठेव, मोरीचं तोंड मोकळं कर, लहान खड्डा दिसला की त्याच दिवशी बुजव. ती पदं गेली आणि त्यांच्या जागी फक्त टेंडर आलं. शहरात आज तेच परत पाहिजे, चार-पाच माणसांची गँग, एक छोटा टेम्पो, कटर, प्लेट कॉम्पॅक्टर, इमल्शनचा ड्रम, कोल्ड मिक्सची पोती. बेळगाव महापालिकेचे ५८ वॉर्ड, दर सहा-सात वॉर्डांना एक गँग म्हटलं तरी आठ-नऊ गँग पुरतात. वर्षभर रोज ठरलेल्या गल्लीत फिरायचं, तक्रार येवो न येवो.

पण खड्ड्यांपेक्षा जास्त नुकसान चर करतात. पाण्याची लाइन, गॅसची लाइन, फायबर, विजेची केबल, एकाचं बुजवून होईपर्यंत दुसरा खणतो. चरात खणलेलीच काळी माती परत ढकलतात, वरून थोडी खडी, आणि पहिल्या पावसात चर लांबच्या लांब खचतो, दुचाकीवाले तिथंच पडतात. बुजवताना मुरूम किंवा क्रशरची डस्ट पाहिजे, पंधरा-वीस सेंटीमीटरचा एक थर, पाणी मारून दाबलेला, आणि वरचं डांबर चरापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-एक फूट रुंद कापून टाकायचं म्हणजे सांधा पक्क्या जमिनीवर येतो. खणायची परवानगी देतानाच अनामत घ्यायची आणि ती एक पावसाळा गेल्यावरच परत करायची, आधी नाही. आणि नवीन रस्ता करायच्या सहा महिने आधी सगळ्या खात्यांना, कंपन्यांना नोटीस की काय खणायचं ते आत्ता खणा, नंतर तीन वर्षं परवानगी मिळणार नाही. मेयरचा फोन आला तरी नाही.

जानेवारी २०१६ मध्ये बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्यानंतर बरेच रस्ते काँक्रीटचे झाले, लोकांना वाटतं गल्लीतही काँक्रीट झालं की सुटलो. काँक्रीट पाण्यानं लवकर मरत नाही हे खरं, पण त्याची लेव्हल चुकली तर ती चूक वीस-तीस वर्षं तिथंच राहणार, डांबर निदान खरवडता येतं. गल्लीत काँक्रीट हवं असेल तर केबल-पाइपसाठी आधी आडवे डक्ट घालून घ्या, नाहीतर सहा महिन्यांत ब्रेकर लागलाच म्हणून समजा.

कॉर्पोरेशननं एकच गोष्ट बदलायची म्हटली तर मी काय सांगेन? गटारींचं रजिस्टर. आज शहरात कुठल्या गटारीचा तळ कुठल्या लेव्हलला आहे, ती कुठं मिळते, कुठली मोरी कुणाची, हे एका ठिकाणी बघायला मिळत नाही, एखाद्या जुन्या मुकादमाच्या डोक्यात असतं, तो रिटायर झाला की संपलं. शहर एक पण मालक अनेक, महापालिका, कॅन्टोन्मेंट, पीडब्ल्यूडी, महामार्गवाले, रेल्वे, आणि कडेला हिंडलगा, कंग्राळीसारख्या ग्रामपंचायती. पाण्याला हद्द कळत नाही, पण अधिकाऱ्याला कळते, आणि "ती मोरी आमची नाही" या एका वाक्यावर वर्ष निघून जातं. एकदा सर्व्हे करून सगळ्या लेव्हली एका नकाशावर आणल्या, प्रत्येक तुकड्यासमोर मालकाचं नाव लिहिलं, शेवटचा गाळ कधी काढला, रस्त्यावर शेवटचा थर कधी पडला, कॉन्ट्रॅक्टरची डिफेक्ट लायबिलिटी (डीएलपी, म्हणजे काम बिघडलं तर त्यानं फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत) कधीपर्यंत आहे हे लिहिलं, की अर्ध्या कामांना टेंडरच लागणार नाही. डीएलपी चालू असलेल्या रस्त्याचा खड्डा कॉन्ट्रॅक्टरनं स्वतःच्या खर्चानं बुजवायचा असतो, आणि आपण तोच खड्डा परत पैसे देऊन बुजवतो, कारण तारीख कुणी बघत नाही. रस्त्याच्या कडेला बोर्ड लावा, कामाचं नाव, रक्कम, कॉन्ट्रॅक्टर, डीएलपी कधी संपणार. एवढ्यानं फरक पडतो.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. माहिती अधिकारात तुमच्या गल्लीच्या शेवटच्या कामाची वर्क ऑर्डर, एस्टिमेट, एमबीची (कामाची मापं लिहितात त्या मेजरमेंट बुकची) प्रत आणि डीएलपीची तारीख मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, त्यामुळे रस्ता आणि गटार वेगवेगळे दोन अर्ज घाला, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. या कायद्यात काम बघायचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. डांबराचा थर किती जाड पडला ते एमबीत एक आणि रस्त्यात एक असेल तर कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून थराचा गोल तुकडा, काढला की दिसतंच. दोन वर्षांत खडी वर आलीय म्हणजे डीएलपी अजून संपली नसेल अशी शक्यता आहे, आधी ती तारीखच बघा, रस्ता फुकट दुरुस्त होण्यातला आहे. तक्रारीचा अर्ज मराठीतच द्या, राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं तो हक्क आहे आणि तो सोडू नका, पण जेई विजयपूर-बागलकोटकडून बदली होऊन आलेला असू शकतो, वर चार ओळींचा कन्नड गोषवारा जोडलात तर फाइल लवकर हलते, हे अनुभवाचं सांगतो. अर्जात "नवीन रस्ता करा" असं लिहू नका. लेव्हल नळीची मापं, पाणी साचल्याचे तारखेसकट फोटो जोडा आणि लिहा की गटारीचा तळ खालच्या नाल्यापासून लेव्हल घेऊन दुरुस्त करा, मग मिलिंग करून डांबर टाका, या क्रमानं. तीन लाखांवरच्या शहरात वॉर्ड समित्या असायला पाहिजेत असं घटनेतच आहे, तुमच्या वॉर्डात समिती बसत असेल तर हाच कागद तिथं ठेवा, नोव्हेंबरच्या आत, कारण बजेटची जुळवाजुळव त्यानंतर सुरू होते. जूनमध्ये मोर्चा काढून फक्त मुरूम मिळतो.

खेड्यांचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणांचा हाही प्रश्न असतो. तिथं गटार नसते, साइडपट्टी (डांबराच्या कडेची मातीची पट्टी) असते, आणि ती गवत-मातीनं रस्त्यापेक्षा उंच झाली की डांबरावरच ओढा वाहतो. दर दिवाळीनंतर साइडपट्टी खरवडून उतरती करायची, एवढंच. आणि ऊस. नोव्हेंबर ते मार्च चिकोडी, रायबाग, निपाणीकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं, दुप्पट नाही. ज्या रस्त्यावरून कारखान्याचा ऊस जातो त्याचा थर पहिल्यापासून वेगळा धरायला पाहिजे आणि ओव्हरलोड ट्रॉली वजनकाट्यावरच थांबवायला पाहिजे, गावातल्या गावात ती कोण थांबवणार?

राहिला तुमचा वर्गणीचा प्रश्न. पेव्हर ब्लॉक गल्लीला वाईट नाहीत, उलट चर खणायचा असेल तर काढून परत बसवता येतात, आणि लाल मातीच्या भागात फटीतून थोडं पाणी मुरतंही. पण तुमच्या काळ्या मातीवर खाली नीट मुरूम-खडीचा पाया आणि दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात ते वर-खाली होतील. शिवाय रस्ता कॉर्पोरेशनचा, तुम्ही स्वतःहून बसवलेत की पुढं काहीही बिघडलं तर "ते लोकांनी केलंय" म्हणून हात वर करतील, डीएलपी चालू असेल तर तीही वादात पडेल. वर्गणी काढायचीच असेल तर ती लेव्हलच्या सर्व्हेवर खर्च करा, एखादा सर्व्हेअर ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन आला तर तुमच्या गल्लीचं, खाली नाल्याला मिळेपर्यंतचं काम एका दिवसात होईल, आणि त्याच्या सहीचा कागद अर्जाला जोडता येईल. फक्त नाल्याच्या तोंडाशी त्याला न्यायला विसरू नका, तो तेवढं टाळतो कारण तिथं चिखलात उतरावं लागतं, आणि बाकी सगळी मापं तिथूनच धरायची असतात.